खोटी मी नव्हते

मित्रांनो, मी माप घेण्याची एक जुनी टेप आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही. पन्नास फुटांची कापडी पट्टी, वर चामड्याचं घर, गुंडाळायला पितळी कडी, असं माझं रूप. १९८३ साली चिंधा मिस्त्रींनी मला सिल्वासाच्या बाजारातून घेतलं. ते धुळ्याकडचे. सिल्वासाजवळच्या मसाट गावात कारखान्यांभोवती कामगारांच्या खोल्या उठत होत्या. त्यांवर पत्रे घालायचं काम मिस्त्री करत.

छपराचं माप ते छपरावरच घेत. वासे चढले की स्वतः वर जात, माझं टोक आढ्याला धरत आणि मला उतारावरून खाली सोडत. भिंतीबाहेरच्या वळचणीसाठी दोन फूट मिळवत. मगच पत्रे मागवत. "चिंध्याचा पत्रा उरत नाही न् कमी पडत नाही," असं लोक म्हणत. मला फार अभिमान वाटे.

१९९१ साली मिस्त्री पडले, पाय प्लास्टरमध्ये गेला. त्याच वेळी दोऱ्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या बायडाबाईची खोली उभी राहत होती. भिंती मातीच्या विटांच्या. तिची लेक सोनी पहिल्या बाळंतपणाला येणार होती. मापाला मिस्त्रींचा जोडीदार योगेश गेला.

"वर चढून माप घे रे," मिस्त्रींनी खाटेवरून बजावलं.

"तुम्ही पाय सांभाळा, मी टेप सांभाळतो."

शिडी लावलेली होती. तरी त्यानं मला जमिनीवर पसरलं, भिंतीपासून खोलीच्या मध्यापर्यंत.

"भाऊ, छप्पर तर वर हाये ना?" बायडाबाई म्हणाली.

"मावशी, खाली नऊ फूट, तर वर काय बारा होतील? घर तेच ना!"

नऊ आणि वळचणीला दोनऐवजी एकच, असे दहा फुटी पत्रे आले. उताराचं माप त्यानं घेतलंच नव्हतं. पत्रे भिंतीच्या काठावरच संपले, वळचण राहिलीच नाही. आषाढात पागोळ्या अंगणात न पडता थेट भिंतीवरून उतरल्या. पावसाच्या पाचव्या दिवशी भर दुपारी भिंत आत कोसळली. सोनी नुकतीच उठून पाणी आणायला गेली होती. तिची गोधडी विटांखाली गेली.

"माझी पोर तिथं निजेल होती!" बायडाबाई योगेशवर धावली.

"टेपच खोटी आहे, मावशी. कापड ताणलं गेलंय," तो म्हणाला, आणि त्यानं मला चिखलात भिरकावलं.

आठ वर्षं मी एका बोटाचीही चूक केली नव्हती!

मिस्त्री कुबडीवर आले. त्यांनी मला धोतरानं पुसलं. सगळ्यांसमोर जमीन मोजली, नऊ फूट. मग बायडाबाईलाच शिडीवर चढवून माझं टोक तिच्या हाती दिलं. उतार भरला दहा फूट.

"त्यात दोन मिळव. बारा फुटी पत्रा लागत होता," मिस्त्री म्हणाले. "टेप तीच. सांग योगेश, खोटं कोण?"

योगेशनं चूक तिथं कबूल केली नाही. आजही केलेली नाही. पुढे तो मोठा ठेकेदार झाला आणि लोकांत त्याचंच म्हणणं टिकलं. भिंत मिस्त्रींनी पुन्हा उभी केली, पत्रे बदलले आणि सोनीचं बाळ त्याच खोलीत जन्मलं. मिस्त्री गेल्यावर मी गंजक्या डब्यात पडले. कुणी मला उचललं की म्हणतात, "ही ना, ती खोटी टेप!"

मित्रांनो, माझ्या अंगावर आकडे आहेत, पण मला पाय नाहीत. छपरावर मला माणसानंच न्यावं लागतं. तुम्हाला चढायचा कंटाळा आला, तर तसं सरळ सांगा. मला खोटी म्हणू नका.