वरच्या खोलीची कडी

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालची, दिवाळी उरकल्यानंतरच्या महिनाभरातली. मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. त्या वर्षी मला पंचेचाळीस वर्षं पूर्ण झाली होती. माझ्यावर लिहिलं आहे, ‘वरच्या खोल्या भाड्याने देणे आहेत. चौकशी आत करावी.’ नगरच्या सावेडी भागात साराबाईंचा लहानसा बंगला आहे. त्याच्या फाटकावर मला तारेने अडकवत. पुष्कळ माणसं मला वाचूनच त्या घरात आली. पण आज मी तुम्हाला सांगणार आहे ती गोष्ट, राहायला न आलेल्या भाडेकरूची.

जन्माने मी गोडेतेलाचा डबा. साराबाईंचे यजमान यशया मास्तर शाळेत चित्रकला शिकवत. घरावर दोन खोल्या आणि एक गॅलरी चढवली, तेव्हा त्यांनी मला कापलं, ठोकून सपाट केलं आणि कुणाचं बोट कापू नये म्हणून चारही कडा आत दुमडल्या. निळ्या रंगाचे दोन हात दिले. मग पांढरी अक्षरं. शेवटच्या ओळीला जागा कमी पडायला लागली, तेव्हा शेजारी भाजी निवडत बसलेल्या साराबाई म्हणाल्या, की ‘करावी’ऐवजी ‘करा’ लिहा, जागा वाचेल. मास्तर म्हणाले, ‘करा’ म्हटलं की वर्गात ओरडल्यासारखं वाटतं. त्यांनी अक्षरं दाटीने बसवली, पण ‘करावी’च लिहिलं. इतका मऊ माणूस होता तो.

पहिल्याच वर्षी मास्तरांची फजिती झाली. एका माणसाने खोल्या पाहिल्या, पसंत आहेत म्हणाला, मास्तरांनी मला लगेच उतरवून ठेवलं, आणि तो माणूस पुन्हा फिरकलाच नाही. दोन महिने खोल्या ओस पडल्या. तेव्हापासून मास्तरांनी घराचा एक रिवाज घातला. ज्याला घर पसंत असेल त्याने स्वतःच्या हाताने पाटी काढायची आणि ओसरीवर आणून द्यायची. मग चहा व्हायचा, किल्ली दिली जायची आणि शब्द पक्का. पाटी उतरवेल तो भाडेकरू, असं मास्तर सगळ्यांना सांगत. एसटीचे कंडक्टर आले, दवाखान्यातल्या दोन नर्सबाई आल्या, बँकेतला एक नवा लग्न झालेला कारकून आला. प्रत्येकाने मला फाटकापासून ओसरीपर्यंत अशी दहा पावलं मिरवत नेलं आहे. ती दहा पावलं म्हणजे माझा सण.

एरवी माझं राहणं जिन्याखालच्या अंधारात. बाजरीच्या पिंपाला झाकण म्हणून मी एकदा सलग अकरा वर्षं पडून होते. पण वर माणसं नांदत होती, त्यांची पावलं मला ऐकू येत होती. आपण निजलेलं असावं आणि घर भरलेलं असावं, याहून पाटीला आणखी काय हवं?

दोन हजार सोळा साली मास्तर गेले. सात वर्षांनी गणपतीच्या दिवसांत साराबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. वरचे भाडेकरू नुकतेच खोल्या सोडून गेले होते. त्या दीड तास तशाच पडून होत्या. दूधवाला आला, तेव्हा कुणाला तरी कळलं. त्यांचा मुलगा अँड्र्यू पुण्याहून धावत आला. तो वाईट मुलगा नाही, फक्त घाबरलेला होता. त्याने सांगून टाकलं, की नाताळपर्यंत वर कुणी राहायला आलं तर ठीक, नाहीतर घराला कुलूप लावायचं आणि मम्मीने पुण्याला यायचं. साराबाईंनी त्या दिवशी स्वतः मला पुसून फाटकावर टांगलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला आपलं घर राखायचं होतं, आणि ते आता माझ्यावर होतं.

दिवाळीनंतर रामहरी आला. चाळिशीचा, राहात्याचा, एका बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला. बायको पंकजा बँकेत, तिची बदली नगरला झाली होती. सोबत म्हातारी आई. साराबाईंना वाटलं, देवाने ऐकलं. रामहरीने खोल्या पाहिल्या, म्हणाला, पक्कं धरा मावशी. साराबाईंनी त्याला पाटीचा रिवाज सांगितला. तो हसला आणि म्हणाला, की एवढी गॅलरीला जाळी बसवून घ्या, मग काढतो पाटी.

जाळी बसली. पुढच्या रविवारी तो आला आणि जिन्याच्या पायथ्याशी कुलूप लागेल असं दार मागितलं. तेही झालं. मग गॅसचं बटण ओट्याखालून काढून उंचावर घ्यायला सांगितलं. मग नळाच्या चाव्या बदलायला. साराबाईंनी एकदा चेष्टेने विचारलंही, की भाऊ, राहायला माणसं येणार आहेत की वाघ? रामहरी हसला नाही. त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, ती मला फाटकावरूनही दिसत होती.

मी मात्र तिथेच लटकलेली. मला वाचून रोज कुणीतरी आत येई. साराबाई शब्दाच्या पक्क्या. बोलणं झालंय म्हणून त्या सगळ्यांना परत पाठवत. त्यांत कर्जतकडची ज्ञानेश्वरी नावाची एक मुलगीही होती. नुकतीच नर्स म्हणून लागलेली, हातात बॅग घेऊन खोली शोधत फिरणारी. तिने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, की मग पाटी का ठेवली आहे? साराबाईंनी तिचा नंबर तेवढा वहीत उतरवून घेतला. रिवाजाप्रमाणे मी उतरले नव्हते, म्हणजे शब्द पक्का नव्हता, आणि शब्द नसताना त्या स्वतःला बांधून बसल्या होत्या. मास्तर असते तर ही चूक झाली नसती. पण नाताळ जवळ येत होता, आणि घाबरलेला माणूस जे हाती लागलं ते सोडत नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटची मागणी आली. आतल्या खोलीला बाहेरून कडी हवी. जाड, कुलूप लावता येईल अशी. साराबाईंनी सुताराला बोलावलं. सुतार म्हणाला, “बाई, खोलीला कडी आतून असती. बाहेरून कडी गोठ्याला असती.” कडी बसली.

रविवारी रामहरी आईला घेऊन घर दाखवायला आला. छबूबाई त्यांचं नाव. बारीक अंगाच्या, नऊवारी नेसलेल्या, पायात रबरी चपला. ओसरीवर बसल्या बसल्या त्यांनी तीनदा विचारलं, की आपण कुणाच्या लग्नाला आलोय. रामहरीने तीनदा सांगितलं. मग तो कडी पाहायला वर गेला, साराबाई त्याच्यामागे गेल्या, आणि एवढ्यात छबूबाई उठून फाटकाशी आल्या.

त्या मला पाहत उभ्या राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी माझ्यावरची धूळ पदराने पुसली, पत्रा चांगला हाय म्हणाल्या, आणि तार सोडवून मला काखेत मारलं. मी त्यांच्या अंगाची ऊब अजून विसरले नाही. दहा पावलं चालून त्या ओसरीवर आल्या आणि मला मांडीवर घेऊन बसल्या, परातीतली भाकरी थापावी तशी थापटत.

वरून खाली आलेल्या साराबाई ते पाहून जागीच थांबल्या. मग त्यांनी रामहरीला विचारलं, की ही कडी कोणासाठी.

रामहरी पायरीवर बसला. इतके दिवस आवळून धरलेलं सगळं त्याने सांगून टाकलं. आई विसरते. राहात्याच्या घरातून तीनदा निघून गेली. एकदा उसाच्या ट्रॅक्टरसमोर हमरस्त्यावर सापडली. एकदा गॅस सुरू ठेवून दुसऱ्याच कामाला लागली. तो आणि पंकजा सकाळी नऊला जाणार, संध्याकाळी सहाला येणार. सांभाळायला दोन बायका ठेवून पाहिल्या, दोघी टिकल्या नाहीत. “मला हौस न्हाई मावशी,” तो म्हणाला. “पन आईला मेलेली बघन्यापेक्षा कोंडलेली बरी.”

साराबाईंना हवी होती वर वाजणारी पावलं. ती आता वाजणार होती, दिवसभर, एकाच खोलीत, दारापर्यंत आणि परत. त्यांच्या घराचं कुलूप टळावं म्हणून वरच्या खोलीला कुलूप लागणार होतं.

त्या म्हणाल्या, “रामहरीभाऊ, आमच्या घरात पाटी उतरवेल तो भाडेकरू. पाटी तुमच्या आईंनी उतरवली. तेव्हा खोलीला काय हवं ते मी त्यांनाच विचारते.” आणि छबूबाईंजवळ बसून त्यांनी विचारलं, “आक्का, वरच्या खोलीला कडी हवी का तुम्हाला?”

“लागंलच की,” छबूबाई म्हणाल्या. “बाईमानसाला कडी लागतीच. पर आतनं. बाहीरनं कशाला? बाहीरनं लावली तर मी भाईर कशी येनार?”

रामहरीने मान खाली घातली. त्या घरात त्या म्हातारीइतकं शहाणं त्या वेळी कुणी बोललं नव्हतं.

साराबाई म्हणाल्या, की कडी काढून टाकते. दिवसा आक्का खाली माझ्यापाशी बसतील. मलाही सोबत होईल.

रामहरीने त्यांच्याकडे पाहिलं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. “तुमी सोताच न्हानीत दीड तास पडून हुता मावशी. ती पळाली तर तुमी पळनार का तिच्यामागं? आठ दिवस सांभाळाल. नवव्या दिवशी काय?”

साराबाईंना खोटा शब्द देता येत नव्हता. आणि कडी राहू द्या, असंही म्हणता येत नव्हतं. त्यांनी चहा ठेवला. तो कुणी प्यायलं नाही. रामहरीने कडी पाहायला घेतलेली किल्ली परत दिली, आईच्या मांडीवरून मला हळूच काढून भिंतीला टेकवलं आणि रिक्षा बोलावली. निघताना छबूबाई साराबाईंना म्हणाल्या, लग्न छान झालं.

त्याच दुपारी सुतार येऊन कडी काढून गेला. मला पुन्हा फाटकावर लावण्याचं बळ साराबाईंकडे उरलं नव्हतं. नाताळची प्रार्थना झाली, अँड्र्यू आला, आणि एकोणतीस डिसेंबरला घराला कुलूप लागलं. मी ओसरीवर भिंतीला टेकून तशीच राहिले. धूळ, कोळिष्टकं, मग वळवाचा पाऊस. माझ्या ‘चौकशी’वर तेव्हा गंज चढला तो कायमचा.

साराबाई पुण्यात पाच महिने राहिल्या. तिथे त्यांना काही कमी नव्हतं, पण त्या जेवेनाशा झाल्या. मे महिन्यात अँड्र्यूनेच जुन्या वहीतून ज्ञानेश्वरीचा नंबर शोधला. ती अजून एका मैत्रिणीच्या खोलीत दाटीवाटीने राहत होती. जूनमध्ये दोघी एकाच दिवशी आल्या, एक वर, एक खाली. ज्ञानेश्वरीने ओसरीवरून मला उचललं आणि विचारलं, की हिला कुठे ठेवू? आज ती अजून तिथेच राहते. ड्युटीला जाताना आणि आल्यावर खाली डोकावते. अँड्र्यू रोज फोन करतो. आता त्याच्या आवाजात भीती कमी असते.

रामहरी दोन हजार पंचवीसच्या मार्चात एकदा आला. खूप वाळला होता. आई माघात गेली, हे सांगायला आला होता. मग, कुणी न विचारता, त्याने कडीचं सांगितलं. दुसऱ्या घरात, तिसऱ्या मजल्यावर, त्याने ती बसवलीच होती. आठवड्याभराने एके सकाळी तो आईला औषध द्यायला आत गेला असताना पंकजाने सवयीने बाहेरून कडी घातली आणि ती कामाला निघून गेली. मोबाईल बाहेरच्या खोलीत. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत तो आईबरोबर आत होता. आधी त्याने दार ठोकलं, मग हाका मारल्या, मग खाली बसला. आई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. “रडू नगं, येत्यात आता,” म्हणाली. ती रोज स्वतःला हेच समजावत असणार, हे त्याला त्या दिवशी कळलं. संध्याकाळी दार उघडलं तशी त्याने आधी कडी उपटली, मग तो पाणी प्यायला.

पंकजाने बिनपगारी रजा घेतली, मग खटपट करून राहात्याला बदली मागून घेतली. तिथल्या गल्लीला छबूबाई माहीत होत्या. त्या निघाल्या की कुणीतरी हाताला धरून परत आणून सोडी. त्या आणखी तीनदा हरवल्या आणि तीनदा सापडल्या. शेवटी घरातच गेल्या, दार उघडं होतं तेव्हा. रामहरी राहात्यातच आहे. संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसतो.

मित्रांनो, माझी अक्षरं आता पुसट झाली आहेत. मला रंग द्या, असं मी मागणार नाही. पण तुमच्या घरात कुणी विसरणारं, भटकणारं, तेच तेच विचारणारं माणूस असेल, तर त्याच्या दाराला बाहेरून हात लावण्याआधी एक दिवस त्या दाराच्या आतल्या बाजूला बसून या. मोबाईल बाहेर ठेवा. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. मग काय करायचं ते तुम्हीच ठरवा.