कॅमेऱ्याने खाल्लेली मंदोदरी

सुभद्रेने रिमोटचं बटण दाबून मेलेल्या रावणाला पुन्हा उभं केलं. चामड्याची दहा तोंडं थरथरली, बाण लागला, रावण आडवा झाला. मग चित्राला बारीकसा झटका बसला आणि एकदम रामाचा राज्याभिषेक. मधे मंदोदरीने नवऱ्याच्या प्रेतावर रडायचं असतं. पिंगुळीत, घरच्या बाहुल्यांच्या खेळात, ते रडणं पडद्यामागे बसून सुभद्रा गायची.

बाकी सगळा खेळ तिच्या नवऱ्याचा, मधूचा. राम तोच, रावण तोच, अख्खी वानरसेना त्याच्याच तोंडात. सुभद्रेच्या वाट्याला एवढं एकच पद. पण खेळ संपला की पाहुणे आधी विचारीत, "ती बाई कोण गात होती हो?" दहा तोंडं नाचवणाऱ्या हाताची चौकशी कोणी करीत नसे.

खेळाचं शूटिंग झालं आणि पाठोपाठ तिच्या घशाचं ऑपरेशन. आता ती बोलली की चुलीत फुंकर घातल्यासारखं वाटे. आवाज उरला असला तर त्या व्हिडिओत. आणि तिथेही तो नव्हता.

"कॅमेऱ्यान खाल्ल्यान गो," मधू म्हणे. "मोठा शूटिंग कार्डावर अखंड रवणा नाय. आपसूक तुकडे पडतत. तुझा पद नेमक्या सांध्यात गेला."

पाहुण्यांपुढे ही हकिगत अंगाने भरत गेली. आधी कॅमेरा नुसता अडखळला होता. मग तो रावणाला भिऊन थिजला. गेल्या रविवारी तर मंदोदरीचा शोक ऐकून त्याच्या काचेतून पाणी गळलं आणि शूटिंगवाल्याने ते शर्टाच्या बाहीने टिपलं. पाहुणे पोट धरून हसले. सुभद्राही हसली, बिनआवाजाची.

दुसऱ्या दिवशी ती रिक्षा करून कुडाळला धनेशच्या स्टुडिओत गेली. शूटिंग त्याचंच, नात्याने पुतण्या.

"सांध्यात गेलेला काय गावता काय बघ रे."

"सांध्यात काय जाणा नाय, काकी." धनेशने कार्डावरून उतरवलेल्या मूळ फायली उघडल्या. तीन होत्या. "एक भरली की कॅमेरो दुसरी सुरू करता. तशेच पाठोपाठ लावल्यार वायच झटको बसता. नीट जोडल्यार तोय नाय. हे बघा."

पहिली फाइल मारुतीच्या शेपटीवर संपत होती. दुसरी जोडल्यावर शेपूट सरळ लंकेत शिरलं. मागच्या दिव्याची ज्योतसुद्धा हलली नाही.

"मगे मंदोदरी?"

त्याने तिसरी फाइल मधूनच लावली. आणि त्या एवढ्याशा दुकानात सुभद्रेचा आवाज उभा राहिला. तिने पदर तोंडावर दाबून धरला.

"ह्या तर काकांनी काढूक सांगल्यानी," धनेश म्हणाला. "हयच बाजूक बसले होते. म्हणाले, तिकाच आवडाक नाय. तुमीच सांगितलास मा?"

बाकावर लग्नाचा अल्बम चाळत दोघंजण बसले होते. होय म्हणावं तर आवाज गेला. नाही म्हणावं तर नवरा चारचौघांत खोटा पडतो. सुभद्रेने पिशवीचे बंद एकदा सोडले, परत बांधले.

"नाय," ती म्हणाली.

"काय म्हणालास?"

होता नव्हता तेवढा श्वास तिने एकत्र केला. "नाय! माका कोणी इचारूक नाय. घाल परत."

अल्बमवाल्यांनी माना वर केल्या.

ती घरी पोचली तेव्हा ओटीवर मुंबईचे पाहुणे होते आणि मधूचा कॅमेरा रडण्याच्या बेतात आला होता. सुभद्रेने कोणाला न विचारता धनेशने भरून दिलेला पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. रावण पडला. झटका बसला नाही. मंदोदरी गाऊ लागली आणि पाहुण्यांनी एकेक करून चहाचे कप खाली ठेवले.

"कोणाचा आवाज हो हा?" एकाने विचारलं.

मधूने टीव्हीकडे पाहिलं, मग बायकोकडे. क्षणभरच.

"होती आमच्याकडे एक बाई," तो हळहळत, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या शुद्ध भाषेत म्हणाला. "देवाने गळा दिला होता. गेली बिचारी."

बायकांनी च्‌च्‌ केलं. दाराशी उभी असलेली सुभद्रा पुढे आली.

"मीच ती," ती म्हणाली.

टीव्हीत मंदोदरी आता भरात आली होती. पुढे बसलेल्या पाहुणीने नजर न हलवता हात वर केला.

"मावशी, एक मिनिट हं. जरा ऐकू द्या."