लाल थराखालचं काळं

तबकाच्या कडेपाशी ते काळे डाग... रुपयाएवढे — नाही, कालपेक्षा मोठेच दिसतायत, की उजेडच तसा पडलाय? फ्रीमाँटच्या त्या टाउनहाउसमध्ये नीना ओट्याला टेकून उभी होती. शनिवार सकाळ, मुलगा ईशान पळायला गेलेला, आणि सून नाओमीने चहासाठी नेमकं तेच तबक काढलेलं, तिच्या आजीने क्योटोहून आणलेलं, लाल जपानी लाखकामाचं.

काळे डाग आधीपासून होते ना... म्हणून तर घासायला घेतलं. दिवाळीचे देव उजळून झाले होते, चिंचेचा कोळ उरला होता, आणि हेही ताम्हनासारखं काळवंडलंय, होऊन जाऊ दे लख्ख — केवढा तो उत्साह! नारळाच्या शेंडीने खसाखसा घासलं, आणि पुसताना फडक्यावर लाल रंग आला. फडकं मी धुतलंसुद्धा नाही, सरळ कचऱ्यात, वर केळ्याची सालं. तेव्हापासून चार दिवस नाओमीने 'आई' म्हटलं की नजर आधी तबकाकडे. तीन वर्षं पाहुण्यासारखी जपून वागले, या घरातला एक कप फुटू दिला नाही, आणि हात लावला तो नेमका ह्याला...

"नाओमी, सॉरी. ते काळं मी केलं. चिंचेने घासलं, देवांबरोबर."

नाओमीने तबक खिडकीपाशी नेलं, आणि ती हसली. "नो, नो, आई! खाली ब्लॅक असतं, वरती रेड. लोक यूझ करतात, इयर्स अँड इयर्स, मग ब्लॅक दिसतं. दॅट्स द ब्यूटी! आता नवीन आर्टिस्ट मुद्दाम घासतात, टु मेक इट लुक ओल्ड."

मुद्दाम! नीना मटकन स्टुलावर बसली आणि हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. चार दिवसांची भीती अशी भसकन उतरली की एकदम भूकच लागली.

"बट आई, तुमचा स्पॉट कुठला?"

नीना वाकली. हा... नाही, हा असेल. तिने अंगठा फिरवून पाहिला. सगळीकडे सारखंच गुळगुळीत. नाओमीच्या आजीचा हात कुठे संपला आणि आपला कुठे लागला, काही केल्या सापडेना. हायसं वाटत होतं, खूपच — तरी थोडी चुटपुट लागली... एवढ्या घरात गेले चार दिवस आपलं असं काहीतरी होतं, गुन्हा का असेना.

"माहीत नाही गं," ती म्हणाली, आणि पुन्हा शोधू लागली.