आतल्या बाजूची कडी

मी कडी बोलतेय. बाथरूमच्या दाराची, आतल्या बाजूची. सकाळपर्यंत त्या दारावर रंगाखाली गप्प होते, आता स्टुलावर कागदात पडलेय. अंगावर सहा रंगांचे थर आहेत आणि त्याखाली गंज. म्हटलं, आता तरी सांगून टाकावं.

माझा जन्मच मारातून झाला. ट्रकच्या जुन्या लोखंडाची कांब लोहारानं लाल होईपर्यंत तापवली आणि घणानं बडवून मला आकार दिला. जोडीला कोयंडा दिला. तेव्हापासून आमचा संसार. तो चौकटीवर, मी दारावर. मी सरकायचं, त्यानं धरायचं. नवरा मुखदुर्बळ आहे, पण पकड पक्की.

पहिली नोकरी दारूच्या दुकानाच्या मागच्या दारावर. एकदा दंगलीत जमावानं ते दार पहारींनी फोडलं. फळ्या फुटल्या, मालकाचं डोकं फुटलं, मी जागची हलले नाही. दुसरी नोकरी कत्तलखान्यात, बैलांच्या कोंडवाड्याला. रक्ताचा वास आला की बैल उसळायचे. एकानं तर दारावर शिंग मोडून घेतलं. मला दयामाया ठाऊक नव्हती. काम म्हणजे काम, असा माझा खाक्या होता.

तिथल्याच एका कामगारानं मला घरी आणलं. त्याला सगळे पैलवान म्हणत. घरात बायको आणि नऊ वर्षांची लेक. पैलवान प्याला की बायकोला मारायचा. पट्ट्यानं, पातेल्यानं, जे हाताला येईल त्यानं. मग ती लेकीला घेऊन बाथरूममध्ये शिरायची आणि आतून कडी लावायची. तो लाथा घालून ती तोडायचा. आणि पुढच्या रविवारी, शुद्धीवर असताना, स्वतःच आधीपेक्षा मजबूत कडी बसवायचा. माझ्याआधी दोन झाल्या, एक पत्र्याची आणि एक पितळी.

मला बसवली तो रविवार आठवतो. स्क्रू लाकडात सहज शिरावेत म्हणून तो त्यांना साबण चोळत होता. बायको एकेक स्क्रू हातात देत होती. तिच्या ओठाला तीन टाके होते.

"ही बैलाला थांबवते," तो म्हणाला. "आता काळजी नको."

"त्यापेक्षा पिणंच थांबवा की," ती म्हणाली.

त्यानं शेवटचा स्क्रू पिळला. असला माणूस मी दुसरा पाहिला नाही. कडी बसवणाराही तोच आणि तोडणाराही तोच.

लेकीकडून आईनं एक गोष्ट घोटून घेतली होती. "मी बाहेर राहिले तर तू कडी लाव. मग काही झालं तरी उघडायचं नाही. बाहेरून मी उघड म्हटलं तरी नाही. कळलं?" लेक मान हलवायची.

तो दिवस भर दुपारी आला. आईनं लेकीला आत ढकललं, पण तिला स्वतःला शिरायला वेळ मिळाला नाही. लेकीनं मला सरकवलं. पैलवानानं आधी दारावर लाथा घातल्या. त्यातली एक अशी बसली, की मी मधोमध वाकले आणि कोयंड्यात घट्ट रुतले. मग तो हातोडी घेऊन बायकोकडे वळला. हातोडीचा आवाज मी जन्मापासून ओळखते. हाडावर पडताना तो वेगळा येतो. दोन बरगड्या मोडल्यावर ती सरपटत दाराशी आली.

"उघड गं," ती म्हणाली. "बाळा, उघड."

आणि लेक उघडत होती. हे तिच्याशिवाय फक्त मलाच माहीत होतं. भिंतीला पाय लावून, दोन्ही हातांनी मला ओढत होती. तिची नखं तुटली, रक्तानं माझी मूठ निसरडी झाली. मी जिवाचा आटापिटा केला. कोयंड्याला म्हटलं, सोड रे मेल्या. तो तरी काय करणार? बाहेर पैलवानानं बायकोला केसांना धरून मागे ओढलं आणि डोळ्यावर घाव घातला.

शेजाऱ्यांनी त्याला धरलं. लेकीला खिडकीचे गज कापून बाहेर काढलं, मला घण घालून मोकळं केलं. डावा डोळा गेला, पण आई वाचली. पैलवान तुरुंगात गेला आणि तिथेच मेला. माझ्याखाली एक छोटी कडी बसली. मला काढायचे कष्ट कुणी घेतले नाहीत, नुसता रंग मारत राहिले. झाले निवृत्त.

त्यानंतर सव्वीस वर्षं एकच गोष्ट ऐकत आले. कुणी पाहुणं आलं की आई सांगायची, "माझी लेक शहाणी. मी उघड म्हटलं तरी उघडलं नाही तिनं." लेक उठून आत निघून जायची. कडी रुतली होती, हे आता सांगितलं तर बहाणा वाटेल, अशी भीती असावी तिला. मला ओरडून सांगावंसं वाटायचं.

परवा आई बाथरूममध्ये घसरली, दार आतून बंद. डॉक्टर म्हणाले, आतून कडीच नको. म्हणून आज लेक स्क्रूड्रायव्हर घेऊन बसली. छोटी कडी लगेच निघाली. मी निघेना. तिनं रंग खरवडला आणि माझा वाक उघडा पडला.

आई शेजारीच खुर्चीत होती. तिनं माझ्यावरून बोट फिरवलं.

"ही वाकडी कधी झाली?"

"त्याच दिवशी." लेकीचे हात थांबले. "मी ओढत होते, आई. निघालीच नाही."

"म्हणजे तू उघडत होतीस?"

"तू उघड म्हणालीस ना."

आईनं माझ्यावरचं बोट काढून घेतलं. मग म्हणाली, "मी शिकवलं तेच केलंस, म्हणून चारचौघांत शहाणी म्हणायचे तुला. आणि आतून रागच होता. मी एवढी हाका मारतेय आणि ही उघडत नाही. एवढी वर्षं तो राग मी मनात ठेवला, पोरी."

लेकीनं तिच्या मांडीवर डोकं टेकलं. पस्तीस वर्षांची बाई, पण हुंदका नऊ वर्षांच्या मुलीचा होता.

उद्या दाराची भोकं बुजवायला सुतार येईल. माझं लोखंड बघून म्हणेल, ठोकून सरळ करतो, अजून कामाला येईल. तेवढं करू देऊ नका त्याला. कोयंड्यासकट मला कुठंही टाका, पण हा वाक राहू द्या. पोरगी ओढत होती, याला दुसरा पुरावा नाही.