माझ्या नावाचा ईसीजी

दादाला माझ्या जागी ईसीजी काढायला पाठवायची कल्पना आईची. पण पुढे सगळं माझ्या माथी आलं, कारण आमच्या घरात जे काही बिघडतं ते माझंच असतं.

मला पंपघरात नोकरी लागत होती. खुर्चीत बसायचं, पाण्याच्या दाबाचे काटे बघायचे, काटा लाल पट्ट्यात गेला की बटण दाबायचं. माझी कोपरं सरळ होत नाहीत, टाचा जमिनीला टेकत नाहीत, जिना कठडा धरूनच चढावा लागतो. शाळेत मला ‘काटकोन’ म्हणायचे. बाविसाव्या वर्षी हृदयाचे ठोके तीसवर आले, तेव्हा गळ्याच्या हाडाखाली पेसमेकर बसवला. रोगाच्या नावात दोन परदेशी डॉक्टरांची आडनावं आहेत. रोग मात्र आमच्या आईकडून आलेला. हे तिच्यासमोर बोलायचं नाही.

डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, भावालाही तपासा. आई म्हणाली, “त्याला काय धाड भरलीय?” दादा टॉवर क्रेन चालवतो. रोज सकाळी शिडीने आभाळात जातो, संध्याकाळी उतरतो. त्याचेही हात पूर्ण सरळ होत नाहीत, पण त्याच्या बाबतीत त्यांना ‘कमावलेले हात’ म्हणतात.

पंपघराच्या नोकरीला ईसीजी सक्तीचा होता. पेसमेकर दिसला की मी बाद. लॅबच्या फॉर्मवर फोटो नव्हता. “पाच मिनिटं आडवं पडून तर यायचंय,” आई म्हणाली. दादा शर्ट घालता घालता हसला, “आयुष्यभर तुझं ओझं उचललं, आता काळीजही माझंच वापर.” ती दोघं हसली, म्हणून मीही हसलो.

दुपारी त्याने रिपोर्टचं पाकीट माझ्या अंगावर टाकलं. मी पट्टी उलगडली. अकरा वर्षं मी असल्या पट्ट्या बघतोय, माझ्या जुन्या पट्ट्या मला तोंडपाठ आहेत. वर माझं नाव होतं. ठोके अडतीस. प्रत्येक मोठ्या उंचवट्याआधी जो बारीक उंचवटा असायला हवा, तो कुठेच नव्हता. खाली शेरा: अपात्र, ताबडतोब हृदयतज्ज्ञांना दाखवा.

खोटं कशाला बोलू, पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. अगदी गार पाणी प्यायल्यासारखं. मग आठवलं, दुसऱ्या दिवशी सकाळी दादा शिडी चढणार होता.

“दादा, हे तुझं आहे.”

“नाव कुणाचं आहे वर?”

“नाव माझं. आडवा पडला होतास तू.”

“मग? तुझ्या नावाने गेला म्हणून तुझ्यासारखं आलं,” आई म्हणाली. आईने पंचवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय.

“गेल्या महिन्यात तुला दोनदा चक्कर आली होती,” मी म्हणालो.

“उपाशी होतो.”

“वर केबिनमध्ये आली तर? खाली माणसं असतात.”

“जळतोस तू माझ्यावर,” दादा म्हणाला. “लहानपणापासून जळतोस.” ते खरं होतं.

चार दिवस मी त्याच्या मागे लागलो. त्याने पट्टी फाडली, मी लॅबमधून दुसरी प्रत आणली. आईने माझ्याशी बोलणं टाकलं, ताट मात्र वाढत राहिली. पाचव्या दिवशी मी त्याच्या साइटवर गेलो. तिथल्या साहेबांनी पट्टी बघितली आणि म्हणाले, “यावर तर तुमचं नाव आहे.”

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कोण आडवा पडला, कुणाच्या नावाने, कशासाठी. साहेबांनी आधी दादाला खाली बोलावलं, मग पंपघराला फोन केला. दोन्ही कामं त्यांनी चोख केली. कंपनीच्या डॉक्टरांनी दादाचा ईसीजी दादाच्या नावाने काढला. ठोके छत्तीस. तिथूनच अँब्युलन्स.

वॉर्डात आई आणि मी दादाच्या खाटेजवळ उभे होतो. सिस्टर फॉर्म भरत होत्या. “घरात आणखी कुणाला हृदयाचा किंवा स्नायूंचा आजार? नीट आठवून सांगा. कुठलं यंत्र बसवायचं ते त्यावर ठरतं.”

“नाही,” दादा म्हणाला. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. माझा रोग त्याला झाला म्हणजे तो माझ्यासारखा झाला, आणि त्यापेक्षा मेलेलं बरं, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

मी आईकडे बघितलं. ती त्याचं पांघरूण सारखं करत होती. “नाही हो,” ती म्हणाली, “आमच्यात कुणाला नाही.”

“सिस्टर, मी सख्खा भाऊ,” मी म्हणालो. “मला आहे. अकरा वर्षांपासून. लिहा.”

सिस्टरनी पेन थांबवून आईकडे बघितलं.

“त्याचं नका ऐकू,” आई म्हणाली. “खोटे कागद करताना पकडलाय त्याला. नोकरी गेली त्यापायी. विचारा हवं तर.”

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. खोटारड्याकडे बघतात तसंच. वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी वाकड्या हातांनी शर्टाची बटणं सोडली, एक, दोन, तीन, आणि गळ्याच्या हाडाखालचा उंचवटा त्यांच्यापुढे धरला. सिस्टर जवळ आल्या, त्यावर दोन बोटं ठेवली, आणि फॉर्मवर लिहायला लागल्या. शेजारच्या खाटांवरची माणसं उठून बसली होती. दादाने तोंड भिंतीकडे वळवलं.

“बटणं लाव,” आई म्हणाली. “लोक बघताहेत.”