जांभळ्या शाईतलं आमंत्रण

आमच्या भिंगरीला वाढदिवस हवा होता तो थेट समुद्राच्या तळाशी. मी कपडे शिवणारी बाई, तिचे बाबा महिन्यातले निम्मे दिवस ट्रक घेऊन बाहेर; समुद्राचा तळ आणायचा कुठून? पण शाळा बदलल्यापासून पोरगी मधल्या सुट्टीत एकटीच डबा खाते, असं तिच्या बाईंनी मला बोलावून सांगितलं होतं. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला होता. म्हटलं, वर्गातल्या आठ मुली रविवारी घरी येणार असतील, तर मी समुद्रसुद्धा शिवून देईन.

छापील आमंत्रणांचा भाव ऐकला आणि दुकानातून काढता पाय घेतला. घरात काय कमी होतं? नव्या शर्टांच्या घडीतले पुठ्ठे कापले. अस्तराच्या चिंध्यांचे ऑक्टोपस केले, आणि आठ पाय म्हणजे आठ, एकाचेही सात होऊ दिले नाहीत. कुणाच्या तरी झग्यातून उरलेल्या टिकल्या माशांच्या अंगावर चिकटवल्या. बोटांना इतका डिंक लागला की दुसऱ्या दिवशी सुईत दोरा ओवेना. मजकूर मात्र मीच लिहिणार, असं भिंगरीने बजावलं होतं. ऑक्टोपसची शाई म्हणून तिने दिवस, वेळ, पत्ता सगळं जांभळ्या अक्षरांत लिहिलं, पाकिटं बंद केली आणि शाळेत वाटूनही आली. एक आमंत्रण मी हौसेने कपाटावर लावलं.

शुक्रवारी सकाळी बघते तर काय, ऑक्टोपस जागच्या जागी आणि पुठ्ठा कोरा! अक्षर नाही, टिंब नाही. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. शिवणाचा डबा उघडला, तर कापडावर खुणा करायचं माझं जांभळं पेन उघडंच पडलेलं. त्या पेनाची खूण एकदोन दिवसांत आपोआप उडून जाते. कापडावर डाग राहू नये म्हणून तर मी ते वापरते. म्हणजे आठ घरांत आठ कोरे पुठ्ठे. त्यांच्या आयांनी एव्हाना केरात टाकले असतील, नाहीतर हसत तरी असतील. आणि रविवारी फुगे लावून आम्ही मायलेकी एकमेकींची तोंडं बघत बसणार.

माझा पारा चढला. तिचे केस अर्धेच विंचरून झाले होते, तशीच तिला समोर उभी केली आणि तोंडाचा पट्टा सोडला. डोळे कुठे होते, आईच्या डब्यातलं पेन ओळखता येत नाही का, एवढ्या मेहनतीचं मातेरं केलंस, काय काय बोलले. ती रडलीसुद्धा नाही, त्याचाच मला जास्त राग आला. मग माझी मीच सावरले. शाळा भरायला अजून वेळ आहे, काळ्या पेनाने चिठ्ठ्या लिहू, मी स्वतः फाटकाशी उभी राहून वाटते, असं तिला सांगितलं.

"नको," ती म्हणाली. "मला माहीत होतं ते उडतं. तू पँटवर खुणा करतेस ना, तेव्हा मी बघते."

"मग त्यानेच कशाला लिहिलंस गं?"

"कुणी नाही आलं, तर अक्षरं उडाली म्हणून नाही आलं, असं म्हणता येईल ना."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. एवढीशी पोर, आणि दोन दिवस हे मनात घेऊन घरभर गाणी म्हणत होती. मी तिला मांडीवर ओढलं, उरलेले केस विंचरले, वेणी घालता घालता डोळे पुसून घेतले. मग वहीची पानं फाडली आणि काळं पेन तिच्या हातात दिलं. तिने टोपण काढलं, परत लावलं, परत काढलं.

पहिली चिठ्ठी तिने शेजारच्या बाकावरच्या मुलीला लिहिली. पत्ता पुरा झाल्यावर अक्षरांवरून बोट फिरवून पाहिलं.

"हे नाही ना उडणार?"

"नाही उडणार," मी म्हटलं, आणि दुसरं पान तिच्यापुढे सरकवलं.