बारा सेकंदांचा थांबा

माझ्या संगणकावर एक शहर धावतं. त्यातल्या बस मुंगीएवढ्या, माणसं तिळाएवढी. या खोट्या वाहतुकीच्या जोरावर मला सोमवारच्या बैठकीत खरं सांगायचं होतं: उड्डाणपूल नको, बससाठी वेगळी लेन द्या, लोक लवकर पोचतील, धूरही कमी होईल. दोन वर्षं मी त्यासाठी साहेबांशी भांडत होते. आणि आता माझी लेन पुलापेक्षा चार मिनिटांनी सरस ठरत होती; साहेबही माझ्या बाजूला आले होते.

शनिवारी बाबा माझा विसरलेला चष्मा घेऊन ऑफिसात आले. तीस वर्षं बस चालवलेला माणूस. पडद्यासमोर गप्प बसेल तर शपथ!

"या गाड्या एवढ्या पटकन सुटतात कशा गं?"

"प्रत्येक थांब्याला बारा सेकंद धरलेत."

"म्हाताऱ्यांना काय आत फेकतात?"

माझं डोकं फिरलं. "जास्त धरले तर लेन हरेल, बाबा, आणि पूल होईल. चला, तुम्हीच चढून दाखवा. मोजतेच मी!"

बाबा उठले आणि माझ्यासोबत ऑफिससमोरच्या थांब्यावर आले.

थांब्यावर बस आली. मी मोबाइलवर वेळ लावली. बाबांनी दांडा धरला आणि तिन्ही पायऱ्या धाडधाड चढले. नऊ सेकंद!

"बघा!" मागोमाग चढत मी तोऱ्यात म्हणाले.

ते सीटवर बसून दोन्ही हातांनी गुडघा दाबत होते. कपाळावर घाम आला होता.

"रोज असे चढता?"

"छे गं. रोज ड्रायव्हर थांबतो. म्हटलं, माझ्यापायी तुझी लेन पडायला नको."

मला माझीच लाज वाटली. एका घरात राहून हे गुडघे मला दिसले नव्हते. उतरताना मी आधी उतरले आणि त्यांना हात दिला. आम्ही सावकाश उतरलो.

रविवारभर मी थांब्याथांब्यावर उभी राहून मोजत होते. सरासरी आली चोवीस सेकंद. लेन सपशेल हरली. मग थांब्याचे ओटे बसच्या फरशीइतके उंच धरले, म्हणजे पायरी चढायचीच नाही, आणि सगळं पुन्हा चालवलं. लेन जिंकली, पण जेमतेम एका मिनिटानं.

बैठकीत साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, चांगली चार मिनिटं होती! कशाला घालवलीत?"

"ती आपली नव्हतीच, साहेब," मी म्हणाले. "माझ्या बाबांच्या गुडघ्यांतून काढली होती मी."